पाण्याखालचं बडोदं नंतर, आधी आजीची खोली

ताई, मी सव्वीस वर्षांचा, घर दांडिया बाजारात. फाइन आर्ट्सला शिकलो, आता एका स्टुडिओत व्हीएफएक्सचं, म्हणजे संगणकावर दृश्यं घडवायचं काम करतो, जास्त करून जाहिराती आणि सीरियल. बऱ्याच वर्षांपासून डोक्यात एक विज्ञानपट आहे. आमच्या सूरसागर तलावाचा गाळ काढताना तळाशी एक यंत्र सापडतं. त्यातून पुराचे आवाज येतात: माणसांच्या हाका, भांडी, कुत्री. सगळ्यांना वाटतं, जुन्या एखाद्या पुराचे असतील. मग एक आजी त्यात आपल्या नातीचा आवाज ओळखते. नात आज नऊ वर्षांची आहे आणि यंत्रातला आवाज आहे म्हातारीचा. म्हणजे तो पूर अजून यायचाय.

पूर्ण चित्रपटाची ऐपत नाही, म्हणून आधी बारा मिनिटांची शॉर्ट फिल्म करून निर्मात्यांना दाखवायची असं ठरवलंय. त्यात पुढच्या काळातलं बुडालेलं बडोदं, ड्रोनचे शॉट, होड्यांचा पाठलाग, सगळं घ्यायचं आणि शेवटी काळ्या पडद्यावर 'क्रमशः'. साठवलेले दोन लाख चाळीस हजार आहेत. आई म्हणते, कमी पडले तर माझ्या पाटल्या मोड. बाबा म्हणतात, हे खूळ सोड आणि घराच्या हप्त्याची सोय बघ. मित्र सांगतात, ऑनलाइन टाकलीस तर कल्पना चोरीला जाईल. फिल्म मराठीत करावी की हिंदीत, तेही ठरत नाहीये. काय करू?
— अ., बडोदे

प्रिय अ.,

तुझं पत्र वाचलं, सोबतचा आराखडाही वाचला. फिल्म कर. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तुझ्या बारा मिनिटांतली बरीच मिनिटं काढायला सांगणार आहे आणि त्यानं तू खट्टू व्हायला नकोस.

सुरुवात तुझ्याच गावापासून करू. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, हे तुला ठाऊक असेलच. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. डोक्यात 'राजा हरिश्चंद्र' होता, खिशात पैसे नव्हते आणि ज्यांच्याकडे होते त्यांना हा माणूस हलती चित्रं बनवू शकेल याची खात्री नव्हती. मग फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि थोडं थोडं चित्रण करत महिनाभर त्या अंकुराची वाढ टिपली. पडद्यावर सगळं मिनिटभरात दिसायचं, माती फुटून कोंब वर येतो आणि बघता बघता वेल चढते. ते पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे कर्ज द्यायला तयार झाले. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला.

आता बघ, त्या मिनिटभरात हरिश्चंद्र कुठेच नव्हता. तारामती नव्हती, विश्वामित्र नव्हता, राजवाड्याचा एक खांबसुद्धा नव्हता. गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती, ती सांगायची गरजच नव्हती. पैसे देणाऱ्याच्या मनात शंका एकच होती, याला यंत्र वापरता येतं का आणि पडद्यावरच्या हालचालीत माणूस गुंगतो का. वाटाण्याच्या वेलीनं तेवढीच शंका फेडली.

तुझ्या फिल्मकडे मी याच नजरेनं बघतेय. निर्मात्याच्या मनात तुझ्याबद्दल नेमकी कोणती शंका असेल? बुडालेलं शहर तुला संगणकावर करता येईल का, ही नसणार. तू रोज तेच काम करतोस, तुझ्या कामाचा नमुना दोन मिनिटांत दाखवून होईल. शंका असेल ती दांडिया बाजारातल्या एका मराठी घरात इतकी अशक्य गोष्ट घडते, त्यावर प्रेक्षक विश्वास ठेवेल का, ही. आणि ज्यानं आजवर फक्त शॉट सजवले, त्याला माणसांकडून काम करून घेता येतं का, ही. या दोन्हींची उत्तरं होड्यांच्या पाठलागात मिळत नाहीत.

तू आराखड्यात दिग्दर्शक नील ब्लॉमकँपचं नाव घेतलं आहेस, 'त्यानं केलं तसंच करायचंय' असं. त्यानं काय काय केलं ते जरा सावकाश बघू, कारण त्याच्या कामात तुझ्यासाठी दोन्ही बाजूंचा धडा आहे. त्याची 'अलाइव्ह इन जोबर्ग' ही शॉर्ट फिल्म जेमतेम सहा मिनिटांची. जोहान्सबर्गवर परग्रहवासीयांचं यान येऊन थांबलंय आणि ते जीव गरीब वस्त्यांत राहतायत. पण फिल्मचा बराच भाग म्हणजे रस्त्यावरच्या लोकांच्या मुलाखती. त्यातल्या काही उत्तरांसाठी त्यानं खऱ्याखुऱ्या लोकांना शेजारच्या देशांतून आलेल्या निर्वासितांबद्दल विचारलं होतं. त्यांचा तो खरा राग, ती खरी भीती परग्रहवासीयांच्या चित्रांना जोडली आणि अंगावर काटा येतो अशी गोष्ट तयार झाली. पुढे दिग्दर्शक पीटर जॅक्सनबरोबर एका व्हिडिओ गेमवरचा मोठा चित्रपट करायचं ठरलं होतं, ते फिसकटलं, तेव्हा हीच सहा मिनिटं हाताशी होती. त्यातून २००९ साली 'डिस्ट्रिक्ट ९' आला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासह ऑस्करची चार नामांकनं घेऊन गेला. त्या छोट्या फिल्मनं यानाचं नाही, सुराचं नाणं खणखणीत वाजवून दाखवलं होतं, विज्ञानकथा बातमीपटासारखी सांगितली तर ती किती खरी वाटते, ते. शिवाय ती सहा मिनिटं स्वतःपुरती पुरी आहेत. पुढचा चित्रपट आलाच नसता तरी ती आज बघण्यासारखी राहिली असती.

आता दुसरी बाजू. २०१७ मध्ये त्याच ब्लॉमकँपनं ओट्स स्टुडिओज काढला आणि 'राक्का', 'फायरबेस', 'झायगोट' अशा फिल्म यूट्यूबवर फुकट सोडल्या. हेतू उघड होता, हे प्रयोग आहेत, लोकांना जे आवडेल त्याचा पूर्ण चित्रपट करू. सिगॉर्नी वीव्हरसारखी अभिनेत्री, कातडीवरचा ओलावा दिसावा इतकं बारीक व्हीएफएक्स, कशाचीच कमी नव्हती. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सनं तो संच घेतला. पण त्यातल्या एकाचाही पूर्ण लांबीचा चित्रपट आजवर आलेला नाही. पैशाची गणितं त्यामागे असणारच. पण एडिटला बसणारी बाई म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. 'राक्का' बघताना जगाची माहिती भरपूर मिळते: कोण आले, त्यांनी काय केलं, कोण लढतंय. ऐन गुंतायच्या वेळी फिल्म संपते. जीव अडकावा असा माणूस हाती लागत नाही. 'झायगोट' मात्र मला आजही आवडते. अंधारी खाण, दोनच माणसं आणि अनेक देहांचा मिळून बनलेला एक भयंकर प्राणी. त्या मुलीचं काय होणार यासाठी मी शेवटपर्यंत बसले.

तुझा बारा मिनिटांचा आराखडा 'राक्का'च्या वाटेवर आहे. पहिली चार मिनिटं पुढच्या काळातलं बडोदं कसं बुडालं ते सांगण्यात जातात. मग पाठलाग. मग यंत्र. आजी येते नवव्या मिनिटाला आणि तिला तू चाळीस सेकंद दिली आहेस! अरे, तुझी फिल्म तीच आहे.

आराखड्यातला तुझाच परिच्छेद तुला परत वाचून दाखवते. आजी मेथी निवडत बसलीये. नातू मोबाइलवर यंत्रातले आवाज लावतो, गंमत म्हणून. पाण्याचा आवाज, कुणीतरी कुणाला हाक मारतंय. मग एक म्हातारा आवाज म्हणतो, 'अगं, दिवा लाव ना, मला जिना दिसत नाहीये.' आजीच्या हातातली जुडी तशीच राहते. आतल्या खोलीत नात शाळेचं पाठांतर करतेय आणि 'ना' म्हणताना तिचा स्वर जसा वर जातो, तसाच तो मघाशी गेला होता. आजी म्हणते, 'परत लाव.' एवढंच तू लिहिलं आहेस आणि ते वाचताना मी खुर्चीत सरसावून बसले. यात एकही व्हीएफएक्स शॉट नाही.

सात-आठ मिनिटांची फिल्म याच खोलीची कर. यंत्र दाखवूच नकोस, किंवा मोबाइलवरच्या एखाद्या हलत्या व्हिडिओत ओझरतं दाखव. आजीला खात्री पटते, घरातलं कुणी ऐकत नाही, आणि शेवटी ती काहीतरी करते. काय करते ते तू शोध. पण तिनं काहीतरी करायलाच हवं, म्हणजे फिल्म तिच्या त्या कृतीवर पुरी होईल. मग 'क्रमशः'ची गरज उरणार नाही. 'पुढे काय' हे बघणाऱ्याच्या मनात आपोआप उठलं तर निर्माताच तुला विचारेल.

बुडालेलं शहर एकदाच दाखव, हवं असेल तर एकाच शॉटमध्ये, आणि त्या एका शॉटवर तुझी सगळी कला ओत. ड्रोन मात्र सोडून दे. हरणीचा विमानतळ शहराला लागूनच आहे, ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या आसपास परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि त्या धावपळीत तुझे आठवडे जातील. असलेल्या जागा वापर. जॉर्ज लुकसनं १९६७ साली विद्यार्थी असताना केलेल्या विज्ञानपटात भविष्यकाळ म्हणून गाड्यांचं पार्किंग, विमानतळ आणि संगणकाची खोली वापरली होती. त्याचाच पुढे १९७१ मध्ये 'टीएचएक्स ११३८' झाला. क्रिस मार्करची १९६२ ची 'ला जेते' तर जवळजवळ संपूर्ण स्थिर छायाचित्रांची आहे, अठ्ठावीस मिनिटांत एकच क्षण हलतो, झोपेतून जागी होणारी स्त्री डोळे उघडते. तेहतीस वर्षांनी तिच्यावरून '१२ मंकीज' आला. मार्करनं ती कुणाला नमुना म्हणून दाखवायला केली नव्हती. रावपुऱ्यातले जुने जिने, वाड्यांची अंधारी माजघरं तुझ्या हाताशी आहेत, त्यांना सेट लावावा लागत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मला तुझा उत्साह मोडायचा नाहीये. अशा फिल्ममधून चित्रपट मिळतो तेव्हा तो पुष्कळदा दुसराच मिळतो. उरुग्वेच्या फेदे आल्वारेझनं २००९ मध्ये अजस्र यंत्रमानव मोंतेविदेओ शहर उद्ध्वस्त करतात अशी पाचेक मिनिटांची फिल्म केली, खर्च सांगतात तीनशे डॉलर. ती ऑनलाइन टाकताच हॉलीवूडमधून बोलावणी आली. पण २०१३ मध्ये त्याचा जो पहिला चित्रपट लागला तो भुताचा होता. यंत्रमानवांचा चित्रपट झालाच नाही. आपल्याकडे नागराज मंजुळेंच्या 'पिस्तुल्या'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे 'फँड्री' आला, गोष्ट वेगळी, पण बघणारी नजर तीच. तेव्हा शॉर्ट फिल्म झाल्यावर कुणी म्हणालं, 'हे राहू दे, आमच्याकडे एक पटकथा आहे, ती करतोस का,' तर तो अपमान समजू नकोस.

उलट बाजूनं, 'पूर्ण पटकथा पाठवा' असा फोन आला आणि तुझ्याकडे चार पानांचा आराखडाच असेल, तर ती संधी गेलीच म्हणून समज. डेमियन शझेलनं 'व्हिप्लॅश'ची पूर्ण पटकथा आधी लिहिली होती. पैसे मिळेनात म्हणून तिच्यातला एक प्रसंग शॉर्ट फिल्म म्हणून चित्रित केला, २०१३ मध्ये ती अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात गाजली आणि पुढच्याच वर्षी पूर्ण चित्रपट तिथे दाखल झाला. विषय विज्ञानाचा नाही, पण क्रम तुझ्या कामाचा आहे. पटकथेचा पहिला खर्डा हातात असल्याशिवाय फिल्म बाहेर काढू नकोस. गोव्यात नोव्हेंबरात फिल्म बझार भरतो, तिथे निर्मात्यांपुढे जायचं झालं तरी कागद लागतातच.

पैशाचं. पाटल्यांना हात लावायचा नाही. सरस्वतीबाई फाळक्यांनी दागिने दिले होते हे तुझी आई सांगेल, खरंही आहे ते. पण त्या बाई रात्र रात्र जागून फिल्मला भोकं पाडत होत्या, रसायनं कालवत होत्या, त्या स्वतःच त्या धंद्यात उतरल्या होत्या. तुझ्या आईच्या पाटल्या हा तिचा म्हातारपणचा आधार आहे. दोन लाख चाळीस हजारांतले निम्मे बाजूला ठेव, पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये काहीतरी निघतंच. उरलेल्यातला सगळ्यात मोठा वाटा आवाजाला दे. तुझी गोष्टच आवाजाची आहे. चांगला लोकेशन साउंडवाला, नंतर चांगल्या मिक्सिंग स्टुडिओत पुरेसा वेळ. चित्र थोडं खरखरीत असलं तर प्रेक्षक चालवून घेतो, संवाद ऐकू आले नाहीत तर उठून जातो. आजीच्या भूमिकेसाठी रंगभूमीवर मुरलेली बाई शोध. बडोद्यात मराठी नाटकांची जुनी सवय असलेली घरं अजून आहेत, त्यांत विचार. तिला मानधन दे, आणि जेवण वेळेवर.

बाबांचं म्हणणं पैशापुरतं बरोबर आहे, ते मान्य करून टाक. खर्चाचा कागद त्यांच्यापुढे ठेव, नोकरी सोडणार नाही हे सांग आणि तसंच वाग. सुट्टीच्या दिवसांत एका खोलीतली फिल्म होते.

भाषा मराठीच, आणि तीही तुमच्या घरातली. आजी मराठी बोलेल, दारावरच्या भाजीवाल्याशी गुजराती बोलेल, नात दोन्हींची मिसळ करेल. हिंदीत नेलंस तर हे घर कुठल्याही शहरातलं होईल आणि त्याबरोबर तो 'ना'चा स्वरही जाईल. सबटायटल चांगल्या माणसाकडून करून घे.

आता चोरीची भीती. नुसत्या कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो. १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं आहे. हक्क असतो तो ती कल्पना तू ज्या रूपात मांडलीस त्यावर. म्हणून पटकथा पूर्ण लिहिण्यातच संरक्षण आहे. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचा सभासद हो आणि तिथे ती नोंदव. मला खरी काळजी वेगळ्याच कागदाची आहे. तुझा मित्र संगीत देणार आहे, दुसरा मित्र लिखाणात मदत करतोय, सगळं तोंडी. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे हक्क दुसऱ्याकडे द्यायचे तर ते लेखी लागतं, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. समजा सहाव्या वर्षी निर्माता मिळाला, तर? दोन पानांचा करार कर, त्यात मुदत, जगभरचे हक्क आणि 'यावर पुढे पूर्ण चित्रपट करण्याचा हक्क' हे तिन्ही शब्दांत लिही. वकिलाला दाखव. मैत्री त्यानं बिघडत नाही, उलट पुढे होणारी भांडणं टळतात.

ऑनलाइन टाकच, पण आधी महोत्सवांचे नियम वाच. काही ठिकाणी आधी इंटरनेटवर आलेली फिल्म घेत नाहीत. मुंबईचा मिफ दोन वर्षांतून एकदा होतो, तो शॉर्ट फिल्मचा मोठा महोत्सव आहे. तिथे आणि आणखी मोजक्या ठिकाणी पाठव, मग सगळ्यांसाठी खुली कर. पेटीत ठेवून काही उपयोग नाही.

आणि लगेच सुरू करता येईल असं एक काम सांगते. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरांत शिरलं, गल्ल्यांत मगरी आल्या, ते ज्यांनी भोगलंय ती माणसं तुझ्या आसपास आहेत. त्यांच्याकडे जा आणि त्या रात्रीबद्दल बोलतं कर. कुणी काय हाक मारली, जिन्यावर पाणी चढताना कसा आवाज येत होता, अंधारात कोण कोणाला शोधत होतं. साध्या रेकॉर्डरवर घे, प्रत्येकाची लेखी संमती घे, आणि हे आवाज विज्ञानपटात वापरणार आहेस हे आधी स्पष्ट सांग. ज्यांचं माणूस किंवा घर गेलंय त्यांनी नको म्हटलं तर पुन्हा विचारू नकोस. तुझ्या यंत्रातून हेच आवाज येऊ देत. यंदाचा पाऊस संपायच्या आत पागोळ्या, गटारं, पत्र्यावरची सर हेही भरून ठेव. जमलं की त्यातली दोन-तीन मिनिटं मला पाठव, चित्र नसलं तरी चालेल, मी हेडफोन लावून ऐकेन आणि सविस्तर कळवेन.

तुझी,
ताई